वहीच्या माथ्यावरची पट्टी

३ जून

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, यातच मला पुष्कळ मिळालं. फाडायचंच असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून फाड, कामाचं सगळं शेवटी आहे.

फोन तू उचलत नाहीस, आणि मेल केली तर ती तुझ्या दाराला हात लावून परत येते. म्हणून कागद. माझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे, हसू आलं तर हस.

फेब्रुवारीत हॉस्पिटलात आपण सहा दिवस एकाच माणसाची उशी नीट करत होतो. तू सकाळी, मी संध्याकाळी, आणि एकदाही समोरासमोर नाही. नर्सनं मला विचारलंसुद्धा, "तुम्ही दोघं सख्खे ना?" मी म्हटलं, "हो, म्हणूनच." तू गेलीस त्या दिवशी बाबांच्या उशाखाली तुझा कागद सापडला. कुठली गोळी कधी, कुठल्या कुशीवर किती वेळ, सगळं ओळीनं. त्या कागदावर मी पुढचे दोन महिने काढले. त्याचे आभार राहून गेले होते, ते आधी घे.

आता बाबा. चालतात, पाय ओढत का होईना. उजवा हात काही परत आला नाही. पण खरं दुखणं बोलण्याचं आहे. आवाज निघतो, शब्द होत नाही. शिलाई मशीन दुरुस्त करता करता ज्या माणसानं चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचं डोकं खाल्लं, तो आता पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट दाखवतो. समजायला मला वेळ लागला तर डोळे मिटून घेतात. मला ते बघवत नाही, ताई.

डाव्या हाताचं एक बोट मात्र पक्कं आहे. त्या बोटानं ते कॉम्प्युटरवर, तू त्यांच्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमात, आपल्या 'वही'त, एकेक अक्षर उठवतात. अडतं कुठे, तर तुझ्या वहीत कुठलीही गोष्ट करायची म्हणजे दोन-दोन, तीन-तीन कळा एकदम दाबायच्या. लिहिलेलं जपून ठेवायला तीन. ओळ पुसायला दोन. एका हाताच्या माणसानं करायचं काय? कळा एकामागून एक दाबायची सोय लावून पाहिली, तर मधेच विसरतात कुठली दाबून झाली. तीन वेळा लिहिलेलं सगळं उडालं. चौथ्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसले आणि लिहिलंच नाही.

दुसरा प्रोग्रॅम बसवून दिला. अशी काही मान हलवली की मला वाटलं मानही लचकते की काय. वीस वर्षं वही, आता कसलं दुसरं!

तेव्हा वहीच्या माथ्यावर चित्रांच्या बटणांची एक पट्टी हवी. माऊसनं दाबली की काम झालं. ठाऊक आहे, याच पट्टीवरून आपलं वाजलं होतं. कळफलकावरचा हात उचलायचा नाही, हे तुझं म्हणणं होतं. पण आता उचलायला दुसरा हातच राहिलेला नाही.

माझ्याकडची प्रत नऊ वर्षांपूर्वीची. बाबांच्या कॉम्प्युटरवरची वही तू नंतर किती बदललीस, मला माहीत नाही. मला तिचा सोर्स कोड दे. पट्टी मी बसवतो.

बारक्या


१६ जून

ताई,

पेनड्राइव्ह पोचला. पाकिटात चिठ्ठी आहे का म्हणून मी ते उलटं करून झटकलं, शिवणीपर्यंत फाडून पाहिलं. नव्हती. पत्त्यावर माझ्या नावामागे 'श्री.' लावलं आहेस, बँकेनं लावावं तसं. असो. कोड दिलास. मनापासून आभार.

पहिले दोन दिवस नुसतं वाचण्यात गेले. ऑफिसात मी आता दुसऱ्यांच्या कोडावर सह्या करतो, स्वतः एक ओळ लिहून सहा वर्षं झाली. आठवड्याची रजा काढली तेव्हा बायको म्हणाली, "इतकी वर्षं लोकांच्या चुका काढल्यास, आता स्वतःच्या काढ." आणि निघतायत हो, ढिगानं निघतायत.

पण तुझा कोड! काय नीट ठेवलं आहेस गं. प्रत्येक कामाला एक दालन, प्रत्येक दालनाला आपल्या भाषेतलं नाव. आठ हजार ओळींत मी एकदाही हरवलो नाही. बाबांच्या दुकानातल्या खणांसारखं, सुया इथे, बॉबिनं तिथे.

बटणांवर चित्रं काय काढायची यावर घरात सभा भरली. जपून ठेवण्यासाठी सगळीकडे असते ती चौकोनी फ्लॉपी मी काढली. बाबांनी खांदे उडवले. फ्लॉपी त्यांनी आयुष्यात पाहिलेली नाही. मग पेन्सिल ओढून घेतली आणि डाव्या हातानं, जीभ बाहेर काढून, एक खण काढला. अर्धा उघडा. जपून ठेवायचं म्हणजे खणात टाकायचं, बरोबर आहे! मागे फिरण्यासाठी मशीनचं हातचाक, त्यावर उलटा बाण. ओळ पुसण्यासाठी कात्री. अशी सात चित्रं झाली. दोन दिवस लागले, पण फेब्रुवारीनंतर मी त्यांना एवढं कशात गुंतलेलं पाहिलं नव्हतं.

सोबत माझ्या कोडाचे चार प्रिंटआउट जोडतोय. पट्टी रंगवणं, बटणं मांडणं, माऊस कुठल्या बटणावर पडला ते ओळखणं. वेळ असेल तर नजर टाक. नसेल तरी टाक.

बारक्या


२९ जून

ताई,

लाल शाईचे सतरा फटके! एकही शब्द नाही, नुसत्या खुणा, फुल्या आणि बाण. बाबांनी मोजले. सतरावा फटका पाहून त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरलो, आणि मग कळलं, हसतायत. किती दिवसांनी हसले, त्याला तुझी लाल शाई लागली. सगळ्या खुणा बरोबर होत्या. बारावीवर मी तासभर भांडलो, भिंतीशीच, आणि मग तीही मान्य केली.

आता जे लिहायचंय त्यासाठी सकाळपासून तीन कागद फुकट घालवलेत.

पट्टी बसवली की अख्खं पान तेवढं खाली सरकणार. मग माऊस पाचव्या ओळीवर दाबला तर कर्सर सहाव्या-सातव्या ओळीत जाणार, कारण वही ओळी मोजते खिडकीच्या वरच्या कडेपासून. हे सगळीकडे शोधून सुधारायला दोन दिवस बाजूला ठेवले होते. आणि वाचता वाचता मला तुझा रागच येत होता. कारण जिथे जिथे तू ओळी मोजल्यास तिथे तिथे आधी 'माथा' नावाची एक संख्या वजा केली आहेस. आणि वर माथा किती? शून्य! म्हटलं, शून्य वजा करायला हिला कुणी सांगितलं होतं? एकेचाळीस ठिकाणी!

मग डोक्यात प्रकाश पडला. शून्य खोडून बत्तीस लिहिलं. माझ्या पट्टीची उंची बत्तीस ठिपके. अख्खं पान गुमान खाली सरकलं. पाचव्या ओळीवर दाबलं, कर्सर पाचव्या ओळीत. कुठेच काही सुधारावं लागलं नाही. एक आकडा बदलला आणि पट्टी बसली.

कोडाच्या सुरुवातीला तू प्रत्येक बदलाची तारीख लिहितेस. 'माथा घातला' समोर अकरा मार्च आहे, नऊ वर्षांपूर्वीचा. तू मला ओरडून 'पट्टी होणार नाही, विषय संपला' म्हणालीस तो नऊ मार्च. मला पक्कं आठवतं, दुसऱ्या दिवशी माझा वाढदिवस होता.

म्हणजे दोन दिवसांत तू माझ्या पट्टीला जागा करून ठेवली होतीस. आधी नाही म्हणायचं आणि मग गुपचूप करायचं, ही तर तुझी लहानपणापासूनची रीत. मला कळायला हवं होतं. मी थांबायला हवं होतं.

पहिल्या पत्रात लिहिलं की पट्टीवरून आपलं वाजलं. ते अर्धं खरं. पट्टीवरून तू फक्त रागावलीस. बोलणं टाकलंस ते पुढच्या गोष्टीवरून. मी त्या नऊ मार्चलाच तुझी वही उचलली, वर सात-आठ बटणं कशीबशी चिकटवली, कोडाच्या माथ्यावरचं तुझं नाव काढून माझं घातलं, आणि वीस मार्चला नोकरीच्या मुलाखतीत ती माझी म्हणून दाखवली. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एक जण तुला ओळखत होता. हे सगळं तुला माहीत आहे. पण मी ते कधी माझ्या तोंडानं म्हटलं नाही. नेहमी 'गैरसमज' म्हणत आलो. गैरसमज नव्हता. चोरी होती. त्या नोकरीवर मी आजही आहे.

माफी मागतो. आणि आभारही मानतो, कारण एवढं होऊनही तो माथा तू काढून टाकला नाहीस. नऊ वर्षं शून्य वजा करत राहिलीस.

बारक्या


९ जुलै

ताई,

घोळ झालाय. माझ्या हातून.

चार दिवस पट्टी झकास चालली. बाबांनी खण दाबला, लिहिलेलं जपलं गेलं. पहिलं वाक्य काय लिहिलं असेल? 'चहात साखर कमी असते.' पाच महिने पोटात ठेवलं होतं! बायको हसत हसत डोळे पुसत होती.

मग त्यांनी आपलं मशीन दुरुस्तीचं पुस्तक पुन्हा उघडलं, आजारपणात अर्ध्यावर राहिलेलं. दोरा का तुटतो, ते प्रकरण. काल सकाळी कात्रीचं बटण दाबून त्यांनी एक ओळ पुसली आणि पुढे लिहायला लागले. ते लिहितात कळफलकाकडे बघून, पडद्याकडे नाही. दीड तासानं वर पाहिलं तर एक अक्षर उमटलेलं नव्हतं, आणि प्रकरणाची पाच पानं गायब. मी काय केलं होतं तर बटण दाबल्यावर वहीचं लक्ष परत मजकुराकडे वळवलंच नव्हतं. ते कात्रीवरच बसून राहिलं. मग बाबा शब्द लिहून स्पेसबार दाबायचे, तो त्या कात्रीलाच दाबल्यासारखा व्हायचा. एक शब्द, एक ओळ साफ. आम्ही प्रोग्रॅमवाले स्वतः बटणं कधी वापरत नाही ना, हात कळांवरच! तपासताना मी बटण दाबायचो, खूश व्हायचो आणि बंद करायचो. दाबून पुढे लिहून पाहायचं मला सुचलंच नाही.

गडबडीत त्यांनी खण दाबला आणि वही मिटली. आता हातचाकही फिरत नाही, मिटल्यावर मागचं सगळं विसरते ती.

आणि मी बाबांना काय सांगितलं? लाइट गेली होती म्हणून उडालं. वर पंखा गरगर फिरत होता.

ते काही लिहीत नाहीत कालपासून. ताई, ती पानं परत आली नाहीत तर ते पुन्हा या कॉम्प्युटरसमोर बसायचे नाहीत. मग पेल्याकडे बोट दाखवणंच राहील. काही करता येत असेल तर सांग. हे जलद टपालानं पाठवतोय.

बारक्या


१३ जुलै

ताई,

तुझा कागद काल दुपारी आला. चार ओळी. पाठ झाल्यात.

'बटणानं लक्ष घ्यायचंच नाही, मुळात घेऊ देऊ नकोस. पुसलेली प्रत्येक ओळ वही बाजूच्या फाइलीत टाकते, नाव उतरंड. सगळं तिथे असेल. बाबांना खरं सांग.'

उतरंड उघडली. एकशे सदतीस ओळी, पुसल्या त्याच क्रमानं. एकही कमी नाही. मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो. हे तू कधी घातलंस? कुणासाठी? इतक्या लांब राहून बाबांच्या ओळींची काळजी घेणारी तू, आणि इथे शेजारच्या खोलीत राहून त्या उडवणारा मी. देवानं बहीण दिली ती बरी दिली. असं मी एरवी म्हणणार नाही, कागदावर आहे म्हणून चालतंय.

मग चौथी ओळ. ती जड गेली. पानं जागेवर लावून बाबांना दाखवली आणि म्हटलं, "बाबा, लाइट गेली नव्हती. माझ्या कोडात चूक होती."

त्यांनी माऊस धरला, मजकुरात दाबला, आणि सावकाश लिहिलं, 'ठाऊक आहे. कात्रीनंतर पानावर एकदा दाबलं की चालतं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो.'

बिघाड त्यांनीच शोधून ठेवला होता, उपायासकट! चाळीस वर्षांचा कारागीर, त्याला मी लाइटच्या गोष्टी सांगतोय. ते लिहीत नव्हते ते पानं गेली म्हणून नाही, मी खोटं बोललो म्हणून. त्याच संध्याकाळी अर्धं पान लिहून काढलं. तुझी ती ओळ नसती तर मी गप्पच बसलो असतो, आणि तेही.

लक्षाचं तू म्हणालीस तसं केलंय. आता बटण दाबलं तरी कर्सर जागचा हलत नाही. दाबून पुढे पान-पान लिहून तपासलं, बाबांसारखं, खाली बघून.

बारक्या


३० जुलै

ताई,

बाबांना आठवं बटण हवंय. चित्र काढून तयार. एक गोल चेहरा आणि दोन वेण्या. मी विचारलं, "हे काय?" तर लिहिलं, 'पोरगी.' तू पन्नाशीची झालीस आणि केस कापलेस, हे त्यांना चालत नाही. बटणाच्या मापाला छोटं केल्यावर ते चित्र कोळ्यासारखं दिसतंय, पण त्यांना पसंत आहे.

दाबलं की समोरचं पान थेट तुला मेलनं जायला हवं, आणि तुझं उत्तर तिथेच उघडायला हवं. कोड लिहून झालाय. चोवीस ओळी. अडलंय एकाच जागी, तुझा मेलचा पत्ता. ज्यावर माझी पत्रं परत येत नाहीत असा. तो कोडात लिहिला की मलाही दिसणार, हे उघड आहे. शब्द देतो, मी तो वापरणार नाही. बाबांच्या बटणामागे राहील, बस.

कोडाच्या माथ्यावर तुझं नाव आहे, ते तसंच आहे. मी तिथे हात लावलेला नाही.

बारक्या


८ ऑगस्ट

ताई,

पत्ता मिळाला. त्या दिवशी दुपारी बाबांनी दार लोटून घेतलं आणि दोन तास लिहीत बसले. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. कोळी दाबल्याचा टिक आवाज मात्र बाहेर ऐकला.

तुझं उत्तर काल आलं. बाबांनी ते स्वतः वाचलं, दोनदा. मग मला हाक मारली, म्हणजे पेल्यावर चमचा वाजवला, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'बारक्याला म्हणावं, कागद पुरे झाले. फोन कर.'

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग त्यांनी लिहिलं, 'कर ना मग.'

तर करतोय. फोन समोर आहे, नंबर लावून ठेवलाय. पण मला मी माहीत आहे. तुझा आवाज ऐकला की मी फालतू विनोद करणार आणि जे बोलायचं ते राहून जाणार. म्हणून आधी इथे लिहून मोकळा होतो. गोळ्यांच्या कागदासाठी, त्या शून्यासाठी, सतरा फटक्यांसाठी, उतरंडीसाठी, आणि मला खरं बोलायला लावलंस त्यासाठी, ताई, मी तुझा फार फार आभारी आहे. बाबा पुन्हा बोलतात. आज सकाळी बायकोशी साखरेवरून भांडलेसुद्धा, पाऊण पान.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर आपलं बोलणं होऊन चार दिवस झालेले असतील. तरी लिहितो. आता बटण दाबतोय.

उचल गं, ताई.

बारक्या